परिसाची गोष्ट आणि पितळेचे रसायन

श्रावण लागला की आपल्या नगर जिल्ह्यातील (आताचा अहिल्यानगर जिल्हा) गावोगावी संध्याकाळी पोथी बसते. त्यात ‘श्री नवनाथ भक्तिसार’ ही पोथी विशेष लोकप्रिय आहे. धुंडीसुत मालू कवीने शके १७४१ मध्ये, म्हणजे इ. स. १८१९ साली, ती चाळीस अध्यायांत पूर्ण केली. आमच्या घरी ही पोथी वाचली जात नसे; परंतु शेजारच्या ओसरीवरून आवाज येई आणि आम्ही मुले अंगणात बसून ती ऐकत असू. गोष्ट म्हणून ती रंगतदार आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

त्यातील एक प्रसंग तर आपल्याच डोंगरावर घडतो. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यातून परत निघतात तेव्हा त्यांच्या झोळीत सोन्याची वीट असते. पुढच्या वाटेवर चोरांचे भय आहे काय, असे ते पुन:पुन्हा विचारू लागतात. शिष्य गोरक्षनाथांना संशय येतो. ते गुपचूप वीट फेकून देतात आणि झोळीत दगड ठेवतात. गर्भगिरीवर आल्यावर गुरूंना हे कळते, ते शोक करू लागतात, तेव्हा गोरक्षनाथ मंत्रसिद्धीने सबंध डोंगरच सोन्याचा करून दाखवतात. हा गर्भगिरी म्हणजे नगर व पाथर्डी तालुक्यांतून बीड जिल्ह्यात जाणारी डोंगररांग. मढी, वृद्धेश्वर ही ठिकाणे याच रांगेत येतात.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत अकरावी शास्त्र शाखेतील एका मुलीने आम्हाला विचारले, “सर, डोंगर सोन्याचा होत नाही हे मला कळतं. पण माणसाला असं सुचलं तरी कशावरून? काहीतरी पाहिलं असेल ना?” प्रश्न फार चांगला होता. “सगळी अंधश्रद्धा आहे” एवढे म्हणून तो मिटवता आला असता. परंतु ते उत्तर झाले नसते. त्या मुलीला त्या दिवशी तोंडी जे सांगितले, तेच थोडे सविस्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने येथे मांडत आहोत.

प्रथम डोंगराविषयी. गर्भगिरीचा खडक हा काळा बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हा आहे. त्यात सोने अजिबातच नाही असे नाही. परंतु हजार टन खडक फोडला तर जेमतेम काही ग्रॅम, इतके ते विखुरलेले असते. ते काढण्याचा खर्च सोन्याच्या किमतीच्या कितीतरी पट होईल. या खडकाच्या पोकळ्यांतून मिळणारी खरी संपत्ती म्हणजे झिओलाइटचे स्फटिक. राहुरी भागातील दगडखाणींतून निघालेले असे स्फटिक परदेशांतील संग्रहालयांपर्यंत गेले आहेत. ते आपल्या मुलांना मात्र कोणी दाखवत नाही, ही गोष्ट वेगळी.

परिसाची कल्पना केवळ नाथांच्या पोथीत आहे असे नव्हे. इ. स. १२९० मध्ये नेवाशाला सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत परिसाचा दृष्टान्त अनेकदा येतो. पंढरपूरच्या परिसा भागवताची आणि त्याचा परीस चंद्रभागेत फेकून देणाऱ्या नामदेवांची कथा घराघरांत माहीत आहे. ‘चांदोबा’ मासिकाच्या गोष्टींवर वाढलेल्या पिढीला परीस नवा नाही, आणि त्यानंतरच्या पिढीला तो हॅरी पॉटरने भेटवला. १९९७ साली निघालेल्या त्या मालिकेच्या पहिल्याच पुस्तकात परीस आहे, आणि तो करणारा निकोलस फ्लामेल हा पॅरिसमध्ये खरोखर होऊन गेलेला एक लेखनिक होता. तो १४१८ साली वारला. किमया केल्याची कीर्ती त्याला मृत्यूनंतर बऱ्याच काळाने चिकटली. पाउलो कोएलो यांची ‘अल्केमिस्ट’ ही कादंबरीही आज आपली मुले मराठीतून वाचतात. आम्हाला मात्र या सर्वांत आवडते ती राजशेखर बसू ऊर्फ ‘परशुराम’ यांची ‘परश पाथर’ ही बंगाली कथा. एका सामान्य वकिलाला परीस सापडतो आणि त्यातून कसा गोंधळ उडतो, याचे विनोदी चित्रण त्यात आहे. सत्यजित राय यांनी १९५८ साली तिच्यावर चित्रपट काढला. गंमत अशी की हे बसू स्वत: रसायनशास्त्रज्ञ होते आणि आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी स्थापन केलेल्या बेंगॉल केमिकल कारखान्याचा कारभार त्यांनी पाहिला. परीस नसतो हे ज्याला पक्के ठाऊक होते, त्यानेच परिसाची इतकी झकास गोष्ट लिहिली!

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. माणसाने काय पाहिले असेल?

ज्यांनी पन्नाशी ओलांडली आहे त्यांनी गल्लीत येणारा कल्हईवाला आठवावा. जमिनीत छोटा खड्डा करून तो भाता लावी, कोळसे फुलवी आणि काळेकुट्ट झालेले पितळेचे पातेले त्यावर फिरवी. पातेले पुरेसे तापले की कापसाच्या बोळ्याने आत पांढरी पूड टाकी. भस्सकन पांढरा धूर उठे आणि नाकाला तो वास झोंबे. मग एका पांढऱ्या कांडीचे टोक पातेल्याला नुसते टेकवून तो बोळा सर्रकन फिरवी, आणि डोळ्यांदेखत पिवळे पातेले चांदीसारखे लखलखीत होई. शेवटी चर्र असा आवाज करीत ते पाण्यात बुडे. आम्ही मुले भान विसरून पाहत असू. त्याला कुणी साधू म्हणत नव्हते, तो आपला भांड्यामागे ठरलेले पैसे घेऊन जाई. पण कल्पना करा, हाच माणूस अंगाला राख फासून, अंधारात, मंत्र पुटपुटत हे करता, तर पाहणाऱ्यांनी काय म्हटले असते?

यातील रसायन साधे आहे. पांढरी पूड म्हणजे नवसागर, अर्थात अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड व अमोनिया हे वायू निघतात. पैकी पहिला वायू पितळेवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकतो आणि धातूचा पृष्ठभाग निखळ स्वच्छ होतो. कांडी कथलाची. कथील अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळते, आणि स्वच्छ तांब्या-पितळेला ते घट्ट धरते. नवसागर टाकला नाही तर कथील थेंबाथेंबाने गोळा होऊन ओघळून जाते. कल्हईचा थर केसाहूनही बारीक असतो, परंतु त्याचा उपयोग मोठा आहे, कारण बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ताक कळकते. ताकातील आम्लात तांबे उतरते म्हणून ते हिरवट व विषारी होते. कल्हईवाल्याला हे सूत्रात लिहिता येत नव्हते. पण पातेले किती तापले म्हणजे पूड टाकायची, हे त्याला जितके अचूक कळत होते तितके आम्हाला अजूनही जमत नाही.

पातेले चांदीचे झाले का? नाही. राखेने चार महिने घासले की पिवळेपणा पुन्हा डोके वर काढी आणि आई म्हणे, “कल्हई गेली.” रंग बदलणे आणि धातू बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्ञान आपल्या आयांना मोरीत भांडी घासताना होत असे. किमयेच्या सगळ्या कथा या दोन गोष्टी एकच मानण्यावर उभ्या आहेत.

तांब्याचे ‘सोने’ करण्याची क्रिया याहून जुनी व अधिक मोह पाडणारी आहे. तांब्याबरोबर रसक नावाचे खनिज कोळशात भाजले की लालसर तांबे सोन्यासारखे पिवळे होते. आपल्या जुन्या रसग्रंथांत याचे वर्णन तांब्याचे सोने होण्याचे आश्चर्य म्हणूनच आले आहे. प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ व १९०९ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात असे उतारे गोळा करून त्यांचा अर्थ लावला आहे. रसक म्हणजे जस्ताचे खनिज. भाजताना त्यातील जस्ताची वाफ तांब्यात शिरते आणि तयार होते ते पितळ. त्या काळी जस्त हा स्वतंत्र धातू म्हणून बहुतेकांना ठाऊकच नव्हता, कारण ते ९०७ अंशांना उकळते आणि वाफ हवेत येताच जळून पांढरी राख होते. त्यामुळे तांब्यात दुसरा धातू मिसळला हे दिसत नसे; तांबे पिवळे झाले एवढेच दिसे. पाहणाऱ्याने त्याला सोने म्हटले तर त्यात लबाडीच असेल असे नाही, ते प्रामाणिक अज्ञानही असू शकते.

ती जस्ताची वाफ पकडण्याची युक्ती पुढे याच देशात निघाली. ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात (पुण्याच्या आनंदाश्रमाने तो गेल्या शतकाच्या आधीच छापून ठेवला आहे) मुशीला खाली नळी जोडून वाफ पाण्यात उतरवण्याची रीत दिली आहे. राजस्थानात झावर येथे अशा मातीच्या मुशींचे ढीगच्या ढीग सापडले. जस्त काढण्याचा हा धंदा तेथे युरोपच्या कितीतरी आधी मोठ्या प्रमाणावर चालत होता. सोने करायला निघालेल्या माणसांनी सोने केले नाही. पण ऊर्ध्वपातन, मुशी, भट्ट्या, क्षार, तेजाब ही रसायनशास्त्राची सारी भांडीकुंडी त्यांनीच आपल्याला दिली.

अभ्यासिकेतील मुलांनी हे पितळ स्वत: करून पाहिले. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात जस्ताचे तुकडे टाकून त्यांना चिकटवून तांब्याची स्वच्छ पट्टी ठेवली. काही मिनिटांत पट्टी चांदीसारखी झाली. पाण्याने धुऊन, पुसून ती चिमट्याने ज्योतीवर धरली, आणि दोन-चार सेकंदांत ती सोनेरी झाली! वरचे जस्त उष्णतेने तांब्यात मुरले आणि पृष्ठभागावर पितळ तयार झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. (गरम कॉस्टिक सोडा डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते, शिक्षक समोर असल्याशिवाय आणि डोळ्यांवर चश्मा असल्याशिवाय हा प्रयोग कोणीही करू नये.) नंतर पट्टीवर नायट्रिक आम्लाचा एक थेंब टाकला. हिरवा फेस आला, तपकिरी धूर निघाला आणि सोनेरी रंग नाहीसा झाला. पितळ उघडे पडणे म्हणजे काय, हे मुलांना त्या दिवशी समजले. आपल्या भाषेत सोनारकाम किती खोल गेले आहे पाहा. कसाला लावणे, बावनकशी, मुलामा देणे, मुशीतून काढणे हे सर्व तेथूनच आलेले. ‘सोन्याहून पिवळे’ असेही आपण कौतुकाने म्हणतो, परंतु सोनार मात्र सोन्याहून पिवळे काही दिसले की आधी संशयच घेईल.

असेच आणखी एक दृश्य. डाळिंब किंवा द्राक्षबाग करणाऱ्यांच्या घरी मोरचूद असते. बोर्डो मिश्रणासाठी ते भिजत घातलेल्या पाण्यात लोखंडी खिळा वा विळा पडला, तर थोड्या वेळाने तो तांबडा होऊन निघतो. लोखंडाने द्रावणातील तांब्याची जागा घेतलेली असते आणि तांबे लोखंडावर बसलेले असते. तांबे आधीपासून त्या निळ्या पाण्यातच होते, हे माहीत नसेल तर ‘लोखंडाचे तांबे झाले’ असेच वाटणार. चीनपासून युरोपपर्यंत अनेकांना तसे वाटले. पाऱ्याची तर बातच वेगळी. तांबड्या हिंगुळातून भट्टीत चकचकीत वाहता पारा निघतो, हा पारा सोन्याला गिळतो, आणि आच दिली की स्वत: उडून जाऊन सोने मागे ठेवतो. जुन्या काळी कळसांना मुलामा देत ते असाच. त्या वाफेने किती कारागिरांची शरीरे कंपवाताने गेली असतील याची नोंद कुठल्याच पोथीत नाही.

येथे एका नावाविषयी लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते, कारण स्मरणिकेच्या वाचकांना ते जवळचे आहे. किमयेचे ग्रंथ उघडले की ‘सिद्ध नागार्जुन’ हे नाव हमखास भेटते. हाच नागार्जुन म्हणजे बौद्ध आचार्य नागार्जुन, असे सर्रास छापले जाते.

आचार्य नागार्जुन हे मध्यमक विचाराचे प्रवर्तक. ते साधारणपणे इ. स. च्या दुसऱ्या शतकातील मानले जातात. एका सातवाहन राजाशी त्यांचा स्नेह होता आणि ‘सुहृल्लेख’ हे पत्ररूप काव्य त्यांनी त्या राजाला लिहिले, अशी परंपरा आहे. सातवाहनांचे प्रतिष्ठान म्हणजे पैठण, शेवगाव तालुक्याच्या सीमेपासून फार लांब नाही. सातव्या शतकाच्या अखेरीस भारतात आलेला चिनी यात्री इत्सिंग नमूद करतो की, येथील विद्यार्थी सुहृल्लेख लहानपणीच पाठ करीत. परंतु त्याच्या आधी काही दशके येऊन गेलेला ह्युएनत्संग वेगळीच गोष्ट ऐकून गेला होता. सातवाहन राजा नागार्जुनासाठी डोंगरात भव्य विहार कोरवत होता. खजिना संपला, काम अडले, राजा चिंतेत पडला. तेव्हा नागार्जुनाने मोठमोठ्या शिळांवर औषध शिंपडले आणि त्या सोन्याच्या झाल्या. तिबेटी इतिहासकार नालंदेच्या दुष्काळात त्याने सोने करून संघ जगवला असे सांगतात. आणि इ. स. १०३० च्या सुमारास लिहिणारा अल्बेरुणी म्हणतो की, नागार्जुन नावाचा किमयागार सोमनाथजवळ आपल्यापूर्वी सुमारे शंभरच वर्षे होऊन गेला. किमयेच्या वेडावर अल्बेरुणीने चांगलेच कोरडे ओढले आहेत.

दुसरे शतक आणि दहावे शतक! म्हणजे एकाच नावाच्या किमान दोन व्यक्ती मानल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि अभ्यासकांचे मत तसेच आहे. रसविद्येच्या ग्रंथांना वजन यावे म्हणून थोर आचार्याचे नाव दिले गेले असणे अगदी संभवते. सोने-रुपे न स्वीकारणे हे दहा शीलांपैकी दहावे शील. श्रामणेरही जे हातात घेत नाही, ते आचार्याने डोंगराएवढे तयार केले, असे सांगताना सांगणाऱ्यांना यात विसंगती वाटली नाही. लोकांना विहार दिसत होते. ते कोरण्याचा पैसा व्यापारी, कारागीर, भिक्षुणी आणि सामान्य उपासक-उपासिका यांच्या लहान-लहान दानांतून आला, हे नाणेघाट-जुन्नरपासून कार्ल्यापर्यंतच्या व्यापारी वाटांवरील लेण्यांतले अनेक शिलालेख सांगतात. ब्राह्मी लिपी विसरली गेली, ते लेख वाचता येईनात, आणि मग दात्यांच्या जागी परीस आला असावा, असा आमचा तर्क आहे.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू बंदी होते आणि तेथेच १९४४ साली त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. त्यात नागार्जुनाची दखल आहे ती महायान विचाराचा थोर आचार्य म्हणून. बौद्ध दर्शनाचे गाढे अभ्यासक आचार्य नरेंद्र देव हेही तेव्हा त्याच किल्ल्यात होते. आपल्या विद्यार्थ्यांनी किल्ला पाहायला जाताना एवढे तरी माहीत करून जावे.

मग सोने दुसऱ्या धातूपासून होतच नाही काय? विज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे जरा जपून बोलावे. रासायनिक क्रियेत अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचीच देवघेव होते, गाभा जागचा हलत नाही. सोन्याच्या गाभ्यात ७९ प्रोटॉन, पाऱ्याच्या ८०, शिशाच्या ८२. भट्टी, तेजाब, जडीबुटी यांची मजल गाभ्यापर्यंत जात नाही. त्यासाठी लाखो पट ऊर्जा लागते. रदरफर्ड यांनी १९१९ साली नायट्रोजनच्या गाभ्यात बदल घडवला तेव्हा ही वाट प्रथम उघडली. १९४१ साली अमेरिकेत पाऱ्यावर न्यूट्रॉनांचा मारा करून सोने मिळवले गेले, पण ते किरणोत्सर्गी व अल्पजीवी. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २०१५ ते २०१८ या काळात शिशाचे गाभे प्रचंड वेगाने एकमेकांजवळून जाताना त्यांतील तीन प्रोटॉन उडून सोन्याचे सुमारे ८,६०० कोटी गाभे तयार झाले, असे मे २०२५ मध्ये जाहीर झाले. आकडा ऐकून कुणी हुरळून जाऊ नये. या सर्वांचे वजन मिळून भरले एका ग्रॅमच्या एक लाख कोटी भागांपैकी २९ भाग, आणि तेही क्षणार्धात यंत्राच्या भिंतीवर आदळून फुटले. विजेचे बिल किती आले असेल, हे सोडूनच देऊ.

मातीतून खरोखर सोने काढणारे लोक मात्र आपल्या महाराष्ट्रात आहेत. सराफ बाजारातील दुकानांचा केर, भट्टीची राख, गटारातील गाळसुद्धा विकत घेऊन धुणारे झारेकरी वाचकांनी पाहिले असतील. सोने पाण्याच्या १९ पटींहून जड, म्हणून माती वाहून जाते आणि कण तळाशी राहतो. पाली वाङ्मयात, अंगुत्तर निकायात, असाच माती धुणारा ‘पंसुधोवक’ येतो. आधी खडे, मग वाळू, मग बारीक धूळ अशा क्रमाने तो सोन्याचे कण वेगळे करतो, आणि चित्तशुद्धीसाठी तो दृष्टान्त दिला आहे. अडीच हजार वर्षांत रीत फारशी बदललेली नाही. दुसरे आहेत सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिक. दुष्काळी मुलखातून बाहेर पडून ही मराठी माणसे देशाच्या कानाकोपऱ्यांतील सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. जुने सोने चांदीच्या तिप्पट भागाबरोबर वितळवायचे आणि नायट्रिक आम्लात उकळायचे. चांदी-तांबे द्रावणात जाते, सोने तपकिरी भुगा होऊन खाली उरते. त्या तपकिरी धुराने छाती खराब होते, हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक आहे.

सोने ओळखण्याच्या रीतीही जुन्याच आहेत. तापवून, कापून आणि कसोटीच्या दगडावर घासून सोनार पारखतो तसे माझे वचनही पारखून घ्या, असे सांगणारा बुद्धवचन म्हणून प्रसिद्ध असलेला दृष्टान्त सर्वांना माहीत आहे. तो केवळ अलंकार नाही, त्या तिन्ही खऱ्या परीक्षा आहेत. तापवले तर मुलामा काळा पडतो, कापले तर आतला हीण धातू दिसतो, आणि कसोटीवरच्या रेघेला आम्ल लावले तर पितळेची रेघ पुसून जाते. आता त्यांच्या जोडीला हॉलमार्क आला आहे. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला.

फसवणारेही परंपरेने चालत आले आहेत. पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे १७२२ साली जॉफ्रॉय या रसायनशास्त्रज्ञाने किमयागारांच्या लबाड्यांची जंत्रीच मांडली होती. दुहेरी तळाची मूस, आत सोन्याची पूड भरून तोंड मेणाने बंद केलेली पोकळ काठी, अर्धा सोन्याचा व अर्धा लोखंडाचा रंगवलेला खिळा. आज आपल्याकडे ‘तांदूळ ओढणारे’ तांब्याचे भांडे कोट्यवधींना विकले जाईल म्हणून लोक जमिनी विकून पैसे गुंतवतात, जुन्या टीव्ही-रेडिओत ‘लाल पारा’ शोधतात. गुप्तधनासाठी तर माणसांचे बळी देण्यापर्यंत मजल गेली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला. गुप्तधनाच्या नावाखाली होणारे अघोरी प्रकार त्यात गुन्हा ठरवले आहेत. साध्या फसवणुकीला पूर्वीचे कलम ४२० होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे.

परंतु आमच्या वस्त्यांत या मोठ्या लबाड्यांपेक्षा घातक ठरते ती एक लहान लबाडी, आणि तिच्यात मंत्र नाही, साधू नाही. दुपारी, पुरुष माणसे कामावर असताना, नीटनेटक्या कपड्यांतील दोन तरुण मोटारसायकलवरून येतात. हातात पावडरीची पाकिटे. आधी तांब्याचा तांब्या फुकट उजळून देतात, मग चांदीचे पैंजण, आणि विश्वास बसला की दागिने मागतात. आमच्या ओळखीच्या एका मावशींनी असेच हातातील दोन पाटल्या काढून दिल्या. ऊसतोडीच्या उचलीतून आणि बोकड विकून वीस वर्षांत केलेल्या, दोन्ही मिळून दोन तोळ्यांच्या. तरुणांनी त्या पिवळसर पाण्यात बुडवल्या, ब्रशने घासल्या, हळदीच्या पाण्यातून काढून कागदात गुंडाळल्या आणि ‘तासाभराने उघडा’ असे सांगून, आपले पाणी डब्यात भरून निघून गेले. पाटल्या लखलखीत झाल्या होत्या. पण नक्षी बोथट झाली होती. सराफाच्या काट्यावर त्या साडेसोळा ग्रॅम भरल्या.

मावशी पुन:पुन्हा एकच विचारीत होत्या, “पाटल्या तर दोन्ही हातात हायेत. मग माझं सोनं गेलं कुठं?”

आम्ही त्यांना सांगितले ते असे. त्या डब्यात मिठाचे तेजाब आणि सोऱ्याचे तेजाब तीनास एक या प्रमाणात मिसळलेले होते. एकेकटे घेतले तर दोन्ही आम्ले सोन्याला काही करू शकत नाहीत, एकत्र आली की सोन्याला विरघळवतात. एक सोन्याचे इलेक्ट्रॉन काढून घेते, दुसऱ्यातील क्लोरीन त्याला द्रावणात धरून ठेवते. १९४० साली जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा हेवेशी या शास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांची सोन्याची नोबेल पदके नाझींच्या हाती लागू नयेत म्हणून याच पाण्यात विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली होती. युद्ध संपेपर्यंत ती तिथेच राहिली, त्या सोन्यातून पदके पुन्हा घडवली गेली. सोने नाहीसे होत नाही, मावशी. तुमचे साडेतीन ग्रॅम त्या डब्यातल्या पिवळ्या पाण्यात होते. त्या पोरांनी संध्याकाळी त्यात रुपया-दोन रुपयांचा हिराकस टाकला असेल, आणि ते तपकिरी पूड होऊन तळाशी बसले असेल.

मावशींनी ते ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे त्या दिशी तो डबा धरून ठेवला असता तर?”

होय, धरून ठेवला असता तर सोने परत मिळाले असते.